डोंगराखालचीं गांवें : रायगड जिल्ह्यांतील संकटांची मोजदाद

सन २०२३ च्या जुलै महिन्याच्या १९ तारखेस रात्रीं रायगड जिल्ह्यांतील खालापूर तालुक्यांत, इर्शाळगडाच्या उतारावर असलेली इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती दरडीखालीं गाडली गेली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसांचा पत्ता लागला नाहीं, आणि २३ तारखेस शोध थांबवून ती जागाच त्यांची समाधि मानावी लागली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीस गेलेल्या माणसांना पावसांत डोंगर चढून जावें लागलें, आणि मोठीं यंत्रें वर नेतां येत नसल्यामुळें माती उपसण्याचें काम कुदळ-फावड्यानें करावें लागलें. दुसऱ्या दिवशीं विधानसभेंत या दुर्घटनेची जी माहिती देण्यांत आली, तींत असेंहि सांगण्यांत आलें कीं, ही वाडी दरडप्रवण गांवांच्या यादींत नव्हती.

या विधानाकडे दोन दृष्टींनीं पाहतां येतें. ही राज्यकर्त्यांची सबब आहे असें म्हणून संताप व्यक्त करणें सोपें आहे. आणि तो संताप अगदींच अनाठायीं आहे असेंहि नाहीं. परंतु थोडें शांतपणें पाहिलें म्हणजे दुसराच प्रश्न उभा राहतो. यादींत नांव असणें म्हणजे धोका असणें, हें ठीक. पण यादींत नांव नसणें म्हणजे काय? धोका नसणें, कीं त्या बाजूस कोणी जाऊन पाहिलेंच नसणें? कागदावर हे दोन्ही अर्थ सारखेच दिसतात. एखाद्या जिल्ह्यावर निसर्गाचीं कोणकोणतीं संकटें येऊं शकतात, तीं कोठें येतील, आणि आलीं असतां त्यांत कोणाचें किती नुकसान होईल, याची आगाऊ मोजदाद करण्याचें जें शास्त्र गेल्या कांहीं दशकांत वाढीस लागलें आहे, त्यांतील सर्वांत अवघड जागा बहुधा हीच असावी.

रायगड जिल्हा या मोजदादीसाठीं जणूं मुद्दाम घडविल्यासारखा आहे. १९८१ सालापर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाणारा हा जिल्हा सुमारें सात हजार चौरस किलोमीटरांचा व पंधरा तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेंत त्याची लोकसंख्या २६ लाखांच्या वर भरली, आणि तींतील साठ टक्क्यांहून अधिक माणसें खेड्यांत राहणारीं होतीं. पनवेल आणि उरण हे तालुके मनानें केव्हांच मुंबईचे झाले आहेत. पण महाड, पोलादपूर, म्हसळें, तळें, सुधागड, श्रीवर्धन या बाजूस अजून भातशेती, वाड्या आणि एस्. टी. ची वाट पाहणें हाच दिनक्रम आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्रि आणि मध्यें चिंचोळी पट्टी. वर्षाचा तीन हजार मिलिमीटरांच्या आसपासचा पाऊस जवळ जवळ सारा चार महिन्यांत पडतो, आणि घाटमाथ्यावरचें पाणी कांहीं तासांत खाडीस मिळतें. अशा प्रदेशांत दरड, पूर, वादळ आणि शेतांत शिरणारें खारें पाणी हीं चारहि संकटें शेजाऱ्यांसारखीं नांदतात, आणि पुष्कळदां एकाच दिवशीं दारांत येऊन उभीं राहतात.

आपत्तिव्यवस्थापनाचा कायदा २००५ च्या डिसेंबरांत झाला. त्यानें प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमावें असें ठरविलें, आणि जिल्ह्यांतील कोणते भाग कोणत्या आपत्तीस बळी पडण्याजोगे आहेत हें ज्यांत नमूद असेल असा आराखडा करून तो दरसाल तपासण्याचें बंधन घातलें. कायदा चांगला आहे. आराखडेहि चांगले जाडजूड होतात. त्यांत अधिकाऱ्यांचे दूरध्वनि-क्रमांक, रुग्णालयांतील खाटा, होड्यांची आणि जेसीबी यंत्रांची संख्या अशी पुष्कळ उपयुक्त माहिती असते. प्रश्न आहे तो त्या पहिल्याच बाबीचा. कोणता भाग, किती बळी पडण्याजोगा, आणि हें ठरवावें कसें?

शास्त्र असें सांगतें कीं, जोखीम हा तीन गोष्टींचा गुणाकार आहे. संकट स्वतः किती जोराचें आणि किती वारंवार येणारें, ही पहिली गोष्ट. त्याच्या वाटेंत किती माणसें, घरें, गुरें, शेतें आहेत, ही दुसरी. आणि जीं वाटेंत आहेत तीं किती दुबळीं, म्हणजे धक्का सोसून पुन्हां उभीं राहण्याची त्यांची ताकद किती, ही तिसरी. गुणाकाराचा धर्म असा कीं, एक संख्या शून्य झाली म्हणजे सारें शून्य होतें. निर्मनुष्य कड्यावरून रोज दरड कोसळली तरी जिल्हाधिकाऱ्यास तिची फिकीर करण्याचें कारण नाहीं. पहिली संख्या कमी करणें माणसाच्या हातीं फारसें नाहीं. दुसरी आणि तिसरी पुष्कळ अंशीं आहे. असें असून नकाशे, यंत्रें आणि पाहण्या यांचा बहुतेक खर्च पहिल्या संख्येवर होतो, हें थोडें विचित्रच म्हणावयाचें.

प्रथम दरडीचा विचार करावा. सह्याद्रि म्हणजे काळा अभेद्य पाषाण, अशी जी शहरांतील समजूत असते ती कड्यापुरती खरी आहे. कड्याखालीं जो उतार असतो तो बव्हंशीं झिजलेल्या, कुजलेल्या खडकाच्या मातीचा आणि वरून घरंगळत आलेल्या दगडगोट्यांचा असतो. कोरडा असतां तो वर्षानुवर्षें जागच्या जागीं राहतो. परंतु दोनतीन दिवस संततधार लागली कीं पाणी मुरत मुरत खालच्या घट्ट खडकापाशीं येऊन अडतें, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड ढिली पडते, आणि सारा थरच्या थर खडकावरून निसटतो. म्हणूनच एका दिवसाच्या पावसापेक्षां लागोपाठच्या तीन दिवसांच्या पावसाचा आंकडा अधिक बोलका असतो. इर्शाळवाडीच्या परिसरांत १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत मिळून ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचें विधानसभेंत सांगण्यांत आलें होतें.

मग माणसें अशा ठिकाणीं राहतातच कां, हा प्रश्न शहरांतल्या दिवाणखान्यांत हटकून विचारला जातो. त्याचें उत्तर अगदीं व्यवहारी आहे. खालची सपाट जमीन भाताची. तिच्यावर घर बांधणें म्हणजे ताटांत पाय देणें. नदीकांठीं पुराचें भय. डोंगराच्या अंगावर मात्र बारमाही झरा असतो, गुरांना चारा असतो, जंगल हाताशीं असतें. आणि उताराच्या मध्येंच घर बांधण्याजोगी जी सपाट पायरी सांपडते, ती पुष्कळदां एखाद्या फार जुन्या दरडीनेंच तयार केलेली असते. जमीन मऊ, पाणी भरपूर, जागा सपाट. वस्तीला जें जें अनुकूल, तेंच डोंगर पूर्वीं एकदां सरकला असल्याचें चिन्ह असूं शकतें.

सन २००५ च्या जुलै महिन्यांत मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस होऊन सारा देश त्या शहराकडे पाहत होता. त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहण, कोंडिवते या गांवांवर आणि पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या, आणि सुमारें दोनशें माणसें गेलीं. बंद पडलेल्या लोकल गाड्यांच्या वर्णनांपुढें त्या गांवांचीं नांवें वर्तमानपत्रांतून मागेंच राहिलीं. त्यानंतर भूशास्त्रज्ञांच्या पाहण्या झाल्या, याद्या झाल्या, आणि जिल्ह्यांतील शंभराहून अधिक गांवें दरडप्रवण ठरलीं. २०१४ सालीं ३० जुलैस शेजारच्या पुणें जिल्ह्यांत, आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव असेंच नाहींसें झालें. १५१ माणसें मृत्यु पावलीं. गांव दिसत नाहीं, ही वार्ता बाहेर आली ती एस्. टी. च्या एका चालकामुळें. पुढें २०२१ सालीं २२ जुलैस महाड तालुक्यांतील तळीये येथील कोंढाळकर वाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. महाड शहर त्या वेळीं पाण्यांत होतें, रस्ते बंद होते, दूरध्वनि मुके झाले होते. मदत पोंचावयास दुसरा दिवस उजाडला.

येथें नकाशाच्या मर्यादेचा विचार अवश्य करावयास हवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनें २०१४ सालापासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचा मोठा उपक्रम हातीं घेतला. या नकाशांचें प्रमाण पन्नास हजारांस एक, म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर हें जमिनीवरील पांचशें मीटर. चाळीसपन्नास घरांची वाडी शंभर मीटरांच्या चौकोनांत सहज मावते, आणि कागदावर ती दोन मिलिमीटरांची होते. ज्वारीचा दाणा याहून मोठा असतो. त्या दाण्याहून लहान जागेंत वरचा उतार किती उभा आहे, ओढा कोणीकडून उतरतो, माथ्यावर भेग पडली आहे कीं नाहीं, हें नकाशा सांगूं शकत नाहीं. आणि तसा त्याचा दावाहि नाहीं. या पट्ट्यांत जाऊन पाहा, एवढेंच तो सांगतो. दोष आहे तो त्या "जाऊन पाहा" चा अर्थ "पाहून झालें" असा करण्याच्या संवयीचा.

दुसरी अडचण हिशेबाच्या एककाची आहे. यादी गांवांची होते, आणि दरड वाडीवर येते. महसुली दप्तरांत जें एक गांव असतें, त्याच्या पोटांत चार, सहा, कधीं दहा वाड्या असतात. एक ओढ्याकांठीं, एक खिंडींत, एक थेट कड्याखालीं. गांव धोकादायक ठरलें तर ज्या वाड्यांना कांहीं भय नाहीं त्यांनाहि विनाकारण घोर लागतो, आणि गांव सुरक्षित ठरलें तर कड्याखालची वाडी त्या सुरक्षिततेच्या पांघरुणांत झांकून जाते. मोजदाद वाडीगणिक व्हावयास हवी, हें म्हणणें सोपें. तींत किती पायपीट आहे हें पोलादपुराकडचा डोंगर एकदां चढून पाहिलेल्यासच कळेल. पण त्या पायपिटीस पर्यायहि नाहीं. आणि तींत वाडींतल्या वृद्ध माणसांशीं बोलणें हा भाग भूशास्त्राइतकाच मोलाचा आहे. झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ येऊं लागणें, नवा झरा फुटणें, झाडें एका बाजूस कलणें, दाराची चौकट वाकून कवाड लागेनासें होणें, शेताच्या बांधास आडवी चीर पडणें, हीं चिन्हें पाहणाऱ्याला दिसतात. तीं कोणास कळवावयाचीं एवढेंच बहुधा ठाऊक नसतें.

पुराचा हिशेब याहून निराळा आहे. महाड हें सावित्रीच्या कांठचें जुनें बंदर. सावित्रीचा उगम महाबळेश्वरास, म्हणजे सातारा जिल्ह्यांत. २०२१ च्या त्या जुलै महिन्यांत महाबळेश्वरीं चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तें पाणी पोलादपुरावरून खालीं आलें. महाडास गांधारी नदी येऊन मिळाली. आणि पुढें बाणकोटच्या खाडींतून बाहेर पडावें, तर २४ तारखेस पौर्णिमा, म्हणजे समुद्रास उधाण. घाटावरचा पाऊस, बाजूच्या नदीचें पाणी आणि भरतीची वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे महाडचा पूर होतो. यांतील पहिली रायगड जिल्ह्याच्या हद्दीबाहेरची आणि तिसरी चंद्राच्या ताब्यांतली. तेव्हां जिल्ह्याच्या आराखड्यांत शेजारच्या जिल्ह्याच्या पर्जन्यमापकास आणि भरती-ओहोटीच्या पंचांगास मानाचें स्थान असावें, हें ओघानेंच आलें.

पुरासंबंधीं "शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर" असा एक शब्दप्रयोग अभियंत्यांच्या बोलण्यांत येतो, आणि त्यानें सामान्य माणसाची मोठी दिशाभूल होते. ऐकणारास वाटतें कीं, तो एकदां येऊन गेला म्हणजे पुढचीं नव्याण्णव वर्षें निश्चिंती. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच कीं, कोणत्याहि एका वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत एक. असें असतां तीस वर्षांच्या मुदतींत, म्हणजे एखाद्यानें घर बांधून त्याचें कर्ज फेडून मुलाच्या हातीं द्यावें इतक्या काळांत, तो निदान एकदां येण्याचा संभव किती? हिशेब केला तर तो शंभरांत सव्वीस भरतो. चारांत एक! विम्याच्या व्यवसायांतील माणूस या संभवाकडे दुर्लक्ष करणार नाहीं. नदीच्या पात्रालगत दुकानाचा पाया खणणारा मात्र करतो, कारण त्याला सांगितलेला आंकडा "शंभर वर्षें" हा असतो.

त्यांत पुन्हां हे आंकडे ज्या जुन्या नोंदींवरून काढावयाचे, तो काळ आणि आजचा काळ यांत फरक पडत चालला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले. जुन्या पावसाच्या वह्या पाहून नव्या पुलाची कमान ठरविणारास ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. पुलाचा उल्लेख निघाला म्हणून सांगावयाचें तर, २०१६ सालीं २ ऑगस्टच्या रात्रीं मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा दगडी पूल महाडाजवळ पुरांत वाहून गेला आणि त्याबरोबर एस्. टी. च्या दोन गाड्याहि गेल्या. तो पूल १९२८ सालीं बांधलेला होता. अठ्ठ्याऐंशीं पावसाळे त्यानें काढले होते, आणि इतके काढले म्हणूनच तो आणखीहि काढील असें सर्वांस वाटत होतें.

अतिवृष्टि या शब्दाचीच एक गंमत आहे. नुकसानभरपाईच्या सरकारी नियमांत महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि समजतात. मराठवाड्यांत हा आंकडा ऐकून शेतकऱ्याच्या छातींत धडकी भरेल. कोंकणांत आषाढांतल्या एखाद्या साध्या दिवशींहि इतका पाऊस पडून जातो, आणि कोणी छत्रीसुद्धां शोधत नाहीं. हवामान खात्याची "अत्यंत मुसळधार" ही पायरी २०४ मिलिमीटरांच्या पुढें सुरू होते. पण तीहि चोवीस तासांची. आधींच्या चार दिवसांत डोंगर किती पाणी प्यालेला आहे, हें ती सांगत नाहीं. शिवाय मापक असतो तो तालुक्याच्या किंवा मंडळाच्या ठिकाणीं, बहुधा सपाटीवर. आणि डोंगराच्या कुशींत त्याहून पुष्कळ अधिक पाऊस झालेला असूं शकतो. वाडीच्या शाळेंत एक साधा पर्जन्यमापक आणि तो रोज सकाळीं वाचून फळ्यावर आंकडा लिहिणारीं दोन मुलें, एवढ्यानें या उणिवेची बरीचशी भरपाई होऊं शकते. खर्च नांवाचाच आहे.

वादळाच्या बाबतींत चित्र पुष्कळच आशादायक आहे, म्हणून त्यावर फार वेळ थांबण्याचें कारण नाहीं. ३ जून २०२० रोजीं "निसर्ग" नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटरांचा होता. आगाऊ सूचना मिळाली, किनाऱ्यावरचीं माणसें हलविण्यांत आलीं, आणि प्राणहानि फार थोडी झाली. पण प्राणहानि थोडी म्हणजे नुकसान थोडें असें समजणें ही शहरी चूक होय. श्रीवर्धन, दिवेआगर या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारींत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हातीं सुपारी येण्यास सहासात वर्षें जातात. म्हणजे त्या दुपारीं एका वर्षाचें पीक गेलें नाहीं; सहासात वर्षांचें उत्पन्न गेलें, आणि ज्याचें वय साठीच्या पुढें त्याचें बहुधा उरलेल्या आयुष्याचें. हेक्टरीं मोजणारें भरपाईचें कोष्टक पांचदहा गुंठ्यांच्या वाडीस पुरें पडत नाहीं. खारेपाटाची कथा याहून मुकी. पेण-अलिबागकडे समुद्राचें पाणी अडविणारे मातीचे बांध उधाणांत फुटले कीं भातखाचरांत खारें पाणी शिरतें, आणि जमीन धुऊन निघण्यास पुढचे कांहीं पावसाळे जावे लागतात. यांत कोणी मरत नाहीं, म्हणून ती बातमी होत नाहीं.

भूकंपाविषयीं थोडेंच सांगितलें म्हणजे पुरे. कोयनानगर फार दूर नाहीं, आणि १९६७ च्या ११ डिसेंबरचा तेथील भूकंप कोंकणांतहि जाणवला होता; त्यामुळें या जिल्ह्यास भूकंपाचें भान निदान ठाऊक तरी आहे. खरा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आतां धाराशिव) या जिल्ह्यांत जवळ जवळ दहा हजार माणसें मेलीं, तेव्हां देशाच्या भूकंपविषयक नकाशांत तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत रंगविलेला होता. आदल्या वर्षीं तेथें धक्के जाणवत होते. लोक बोलत होते. पण रंग फिका होता. नकाशा पुढें २००२ सालीं सुधारण्यांत आला आणि तो सर्वांत फिका पट्टाच त्यांतून काढून टाकण्यांत आला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचें जड धाबें अशीं तीं घरें होतीं. मारलें तें मुख्यतः घरांनीं. दुबळेपणा ही तिसरी संख्या कशी वागते, याचें याहून भयंकर उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक नाहीं.

आतां दुसऱ्या संख्येकडे, म्हणजे वाटेंत असलेल्या माणसांकडे वळावयास हरकत नाहीं. जनगणनेचा आंकडा वर्षभर एकच असतो. माणसें तशीं नसतात. रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामास निघून जातात आणि पाऊस लागण्यापूर्वीं परत येतात. म्हणजे डोंगर जेव्हां निर्धोक, तेव्हां वाडी अर्धी रिकामी. आणि डोंगर जेव्हां भिजून जड झालेला, तेव्हां वाडी भरलेली. हिवाळ्यांत पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्यानें दारांना कुलपें पाहून दहा कुटुंबें लिहिलीं, तर आषाढांत तेथें पंचवीस असूं शकतात. उलट बाजूनें, गणपतीस मुंबईहून चाकरमानी येतात, आणि ज्या घरांत एरवीं एक म्हातारी राहते त्यांत पंधरा माणसें निजतात. शहरांतील ज्या कुटुंबांचें मूळ घर महाड किंवा पोलादपूर तालुक्यांत आहे, त्यांना हें सांगावयास नको. भाद्रपदांतहि पावसाचा जोर कधीं कधीं आषाढासारखाच असतो. तेव्हां मोजदाद करावयाची ती संकटाच्या ऋतूंत आणि रात्रीच्या वेळची, कारण माणसें घरांत सांपडतात तीं रात्रीं.

दुबळेपणाची मोजणी मात्र आंकड्यांत पकडणें कठीण. वाडीस रस्ता आहे कीं नाहीं, दूरध्वनीची लहर पोंचते कीं नाहीं, अंथरुणास खिळलेलीं माणसें किती, गरोदर स्त्रिया किती, घर पडलें तर जाण्यास दुसरें छप्पर कोणतें, ज्या जमिनीवर घर आहे ती त्या कुटुंबाच्या नांवावर आहे कीं वनखात्याच्या. शेवटची बाब कागदी वाटते, परंतु सुरक्षित जागीं हलविण्याची गोष्ट निघाली कीं सर्वांत मोठा धोंडा तीच होते. ज्याच्यापाशीं मूळ घराचाच कागद नाहीं, तो दुसऱ्या घरावर हक्क सांगणार कसा?

आणि समजा, मोजदाद अचूक झाली. तीन दिवसांचा पाऊस ठराविक आंकड्यापलीकडे गेला. रात्रीं वाडी खालीं करावी असें ठरलें. माणसें उतरून खालच्या शाळेंत आलीं. रात्र गेली, कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या वेळींहि झालें नाहीं. तिसऱ्या वेळींहि नाहीं. दहा वेळां उतरावें तेव्हां एकदां दरड येते, आणि कदाचित् तीहि येत नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें हें यश आहे. वाडींतल्या माणसाच्या दृष्टीनें नऊ रात्रींची मजुरी, ओलीं अंथरुणें आणि मागें बांधून ठेवलेलीं गुरें आहेत. गुरांसाठीं म्हणून घरांतला एक माणूस मागें राहतो, आणि तोच पुष्कळदां घरचा कर्ता असतो. शाळेच्या आवारांत चार बांबूंवर गुरांचें छप्पर घालून दिलें तर हा माणूस खालीं येईल. आराखड्यांत होड्यांची संख्या असते. या छपरासाठीं रकाना क्वचितच असतो. नऊ रात्रींच्या मजुरीचाहि हिशेब कोणीतरी द्यावयास हवा, आणि तो वाडीनें एकटीनें देऊं नये.

कायमचें स्थलांतर हा उपाय अखेरचा, आणि तो होतहि आहे. तळीयेच्या आणि इर्शाळवाडीच्या वांचलेल्या कुटुंबांसाठीं खालीं नव्या वसाहती झाल्या. नवें घर पक्कें असतें, रस्त्यालगत असतें, नळाचें पाणी असतें. परंतु नाचणी-वरीची दळी डोंगरावरच राहते. आषाढ लागला, लावणीचे दिवस आले, कीं घरांतलीं धडधाकट माणसें पहाटे कोयता घेऊन जुन्या वाटेनें वर जातात, आणि शेतावर जें खोपटें त्यांनीं उभारलेलें असतें, त्यांत कधीं कधीं रात्रींचीं राहतात. त्या खोपटाची नोंद अजून कोणत्याहि यादींत होत नाहीं.